खोबरेल, करडईचं तेल आणि वरच्या मजल्यावरची शेगडी

लातूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ५९. पत्र मोठं आहे म्हणून त्यातला गाभा तेवढा देते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

"मुलगा पुण्याला कंपनीत आहे. दीड वर्षापूर्वी त्यानं ऑफिसातल्या मुलीशी लग्न केलं. मुलगी केरळची, त्रिशूरकडची. आम्ही आडकाठी केली नाही. गेल्या वर्षी यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा दोघं घरून काम करायची परवानगी काढून लातूरला आली. सून गुणी आहे, उलटून बोलत नाही. पण स्वयंपाकघरात माझा जीव रमेनासा झालाय. ती खोबरेलात फोडणी देते. डोक्याला लावायच्या तेलाचा वास सकाळी सकाळी घरभर होतो, मला मळमळतं. दोन्ही वेळेला भात लागतो, भाकरीला हात लावत नाही. एकदा दोघांनी बाहेरून मासे मागवून वरच्या खोलीत खाल्ले. हे माळकरी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी बोलले काही नाही, पण रात्रभर डोळा लागला नाही. पंधरा दिवसांपूर्वी मी तिची तेलाची बाटली उचलून न्हाणीत शांपूशेजारी नेऊन ठेवली. तिनं ती गुपचूप परत आणली आणि त्या दिवसापासून स्वतःचं काही करणंच सोडलं. दहीभात खाते आणि लॅपटॉपपुढं बसते. मुलगा म्हणतो, तुम्ही दोघी बघून घ्या. आमच्या घराची चव सासूबाईंपासून चालत आलेली आहे, ती माझ्या डोळ्यांदेखत बुडणार का? तिनं आमच्या पद्धतीचं शिकायला नको का? की वर तिला वेगळी शेगडी करून देऊ? लोक म्हणतील, दीड वर्षात वेगळी चूल मांडली. मी वाईट सासू आहे का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. वाईट सासू असं पत्र लिहीत नाही. बाटलीचं तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळायला मार्ग नव्हता. पण ती गोष्ट लहान नव्हती, हे तुमच्या मनाला लागलेलं दिसतंय. तुमच्या सासूबाईंनी तुमचा येसराचा, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाचा, डबा उचलून गोठ्यात पेंडीच्या पोत्याशेजारी ठेवला असता तर? तसंच झालंय हे. तेव्हा पहिलं काम सोपं आणि अवघडही. तिला एकटीला गाठून, मुलाला मध्ये न घेता सांगा: "बाटली मी हलवली होती, चुकलंच माझं." तिचं मराठी तोडकंमोडकं असलं तरी एवढं तिला कळेल. लगेच पुढं "पण" जोडू नका. वासाचं बोलणं दुसऱ्या दिवशी.

तुमच्या पत्रात एक वाक्य फार घाईनं येऊन गेलंय. सासऱ्यांच्या आजारपणात ती लातूरला आली. पुण्यात तिचं स्वतःचं स्वयंपाकघर होतं, तिथं कशात फोडणी दिली हे बघायला कुणी नव्हतं. ते सोडून ती आली. तेलाचा हिशेब मांडताना हेही त्याच पानावर लिहा, एवढंच म्हणते.

आता वासाचं. तुम्हाला मळमळतं हे खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या घरात खोबरेल फक्त वेणीफणीच्या वेळी बाहेर निघालं, तिथं त्याचा वास केसांशीच बांधला जाणार. त्रिशूरच्या माणसाला आपल्या घाण्यावरच्या करडईच्या तेलाचा उग्र वास असाच परका वाटत असेल, फक्त ती तसं म्हणाली नसेल. पण एक करून बघा. पुढच्या वेळी काळा मसाला कराल तेव्हा खोबरं भाजताना कढईवर जरा वाका. किस बदामी व्हायला लागला की तो चकाकतो, बुडाशी तेल सुटतं, उलथन्याला चिकटतं आणि घरभर दरवळ होतो. त्या दरवळानं तुम्हाला मळमळत नाही, उलट शेजारीण विचारते, "मसाला चाललाय वाटतं." कढईच्या बुडाशी सुटलेलं ते तेल म्हणजे खोबरेलच. लातूरला काही माडाच्या बागा नाहीत. आपलं खोबरं खालून, दक्षिणेतून येतं. कर्नाटकातलं तिपटूर ही त्याची मोठी पेठ. पिढ्यान्पिढ्या आपण ते तेल खात आलोय, बाटलीतून नव्हे, एवढाच फरक.

वासावर उपायही आहेत. केसांच्या बाटलीतलं तेल आणि खायचं तेल एक नव्हे. खाद्यतेल म्हणून विकलेलं, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक छापलेलंच स्वयंपाकाला घ्यायचं. त्यातही भाजक्या खोबऱ्याचं घाण्याचं तेल दाट वासाचं असतं, रिफाइंडला वास जवळजवळ नसतो. दुसरं असं, की घरभर पसरतो तो तापलेल्या तेलाचा वास. केरळात अवियलसारख्या भाजीत शेवटी, गॅस बंद केल्यावर, वरून कच्चं खोबरेल आणि कढीपत्ता घालून झाकण ठेवतात. तेव्हा फोडणी तुमच्या गोड्या तेलात होऊ दे आणि तिनं आपल्या वाटीत वरून चमचाभर खोबरेल घेऊ दे. वास ताटापुरता राहतो, चवही तिची तिला मिळते. सकाळच्या वेळी तुम्हाला जास्तच त्रास होत असेल तर खोबरेलाची फोडणी दुपारी, खिडक्या उघड्या असताना. एवढी तडजोड कुठलीही शहाणी मुलगी मान्य करील, फक्त ती तिला विचारून झाली पाहिजे.

यजमानांच्या हृदयाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो मुद्दा कधीतरी निघेल. खोबरेलात संपृक्त मेदाचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर असतं, करडईच्या तेलात ते फार थोडं. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या ताटात खोबरेल नको, हे म्हणणं रास्तच आहे. त्यांच्या तेलाचं, किती आणि कुठलं, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. मात्र तिच्या वाटीतल्या चमचाभर तेलाला त्यांचं दुखणं आडवं घालू नका.

आता "आमच्या घराची चव". सासूबाईंपासून, असं तुम्ही लिहिता. त्यांच्याही मागं जाऊन बघू या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. उदगीर-देवणीकडच्या किती घरांच्या सोयरिकी आजही बीदरकडं आहेत. येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची, भज्जी आणि अंबील लातूर-धाराशिवची म्हणून आपण मिरवतो, पण मार्गशीर्षातल्या त्याच अमावास्येला सीमेपलीकडं बीदर आणि कलबुर्गीच्या शिवारांतही माणसं झाडाखाली पंगती मांडून बसलेली असतात. आपली अंबाडीची भाजी तेलंगणात गोंगुरा होते. इकडं छत्रपती संभाजीनगरात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाणारे त्याचं मूळ थेट तुघलकानं १३२७ साली दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवली तिथवर नेऊन पोचवतात.

तिखटाचंच घ्या. मिरची पोर्तुगीजांमुळं आपल्याकडं आली, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला त्यानंतर, हे आता शाळेतली लेकरंही सांगतात. त्याच्या आधी आपल्याकडच्या रश्श्याला जाळ कशाचा होता, ते मात्र कुणी विचारत नाही. मिऱ्यांचा. आणि मिरे मलबारचे. म्हणजे तुमच्या सुनेच्या मुलखातला जिन्नस आपल्या चुलीवर ठेच्याच्याही आधीपासून आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी होत असेल. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. त्याच कंदाला केरळात कप्पा म्हणतात आणि उकडून खातात. १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ राजानं टंचाईत रयतेचं पोट भरावं म्हणून त्याच्या लागवडीला जोर दिला. बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडं मिलो ही परदेशी लाल ज्वारी आणि सुकडी हा कोरडा खाऊ आला, तशी ती गोष्ट. आता तुमच्या खिचडीत बघा: साबुदाणा, शेंगदाणा, मिरची, बटाटा, चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. तरी ती उपासाला चालते. विठोबानं कधी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

हे वाचून तुमची मळमळ थांबणार नाही, ते मला ठाऊक आहे. इतिहास सांगून कुणाचं पोट शांत होत नाही. पण "आमचं" म्हणजे सुरुवातीपासून असंच होतं आणि आता पहिल्यांदाच त्यात बाहेरचं काही शिरतंय, ही जी भीती तुमच्या पत्रभर आहे, तिला फारसा आधार नाही.

मग नेमकं काय बुडतंय? तुमचं "जीव रमेनासा झालाय" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सून आल्यानं आपला ओटा आपला राहिला नाही, असं तर वाटत नाही ना? पाहुण्याला काय वाढायचं, आमटी किती पातळ, भाकरीबरोबर कोरड्यास कशाचं, या बाबतीत इतकी वर्षं तुमचा शब्द शेवटचा होता. घरातल्या आणखी कुठल्या बाबतीत तो शेवटचा होता, हे तुम्हीच आठवून बघा. बायांच्या वाट्याला सत्ता येते ती बहुधा शेगडीपुढच्या चार फुटांत. ती सोडताना जीव कासावीस होणारच. पण मग भांडण खोबरेलाशी नाही आणि त्या पोरीशीही नाही.

चवीची काळजी खरीच असेल तर मला सांगा, तुमच्या येसराचं प्रमाण कुठं लिहिलेलं आहे का? कुठलं धान्य किती, कुठलं आधी भाजायचं, दगडफूल किती, कुठं थांबायचं? बहुतेक घरांत ते कुणाच्या तरी हातात असतं आणि त्या हाताबरोबर जातं. लेकी-सुनांना विचारायला सुचत नाही, आपल्याला सांगायला होत नाही. या आठवड्यात मुठीनं मोजता ते वजनकाट्यावर मोजा आणि वहीत लिहा. सुनेला सोबत बसवा. ती तिच्या लिपीत लिहून घेईल, हरकत नाही.

आता तिच्या ताटाकडं बघू. पंधरा दिवस दहीभात. तुम्हाला हा रुसवा वाटतो. मला वाटतं, या घरात काय केलेलं चालतं तेच तिला कळेनासं झालंय, म्हणून कुणाला त्रास होणार नाही एवढंच ती खातेय. कामावर बसणारं माणूस दोन वेळा दहीभातावर किती दिवस काढील? एक विचारते, राग नको. ती माहेरी सकाळी काय खायची, हे तुम्हाला माहीत आहे का? केरळची सून म्हटलं की आपल्याकडं पहिल्या रविवारी इडली-सांबार होतं आणि आपण तिच्यासाठी केलं म्हणून आपणच खूश. इडली आपल्या बसस्टँडवरही मिळते. तिला ती परकी नाही, पण माहेरचीही वाटेल असं नाही.

विचारलंत तर बहुधा ती पुट्टूचं नाव घेईल. भाजलेल्या तांदळाच्या पिठावर मिठाचं पाणी शिंपडत ते बोटांनी मोकळं करत जायचं. मुठीत दाबलं तर मुटका व्हावा आणि बोट लावताच फुटावा, तिथं थांबायचं. पुढं पाण्याचा थेंब नको. मग नळकांड्यात खोवलेल्या खोबऱ्याचा थर, वर पिठाचा, पुन्हा खोबऱ्याचा, असं हलक्या हातानं भरून पाच-सात मिनिटं वाफवायचं. दाबून भरलं तर वाफ चढत नाही आणि मध्ये कोरडं पीठ राहतं. नळकांडं नसेल तर इडलीपात्रात ओलं फडकं अंथरून होतं. तिकडं करवंटीतही करतात. सोबत कडला करी, म्हणजे आपला लहान तपकिरी गावरान हरभरा, खोबरं-धण्याच्या वाटणातला. तुमच्या हरभऱ्याच्या उसळीपासून ती दोन पावलांवर आहे. नाचणीचा पुट्टू केरळात होतोच. मग आपण ज्वारीचा का करू नये? पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, रंग बदलू देऊ नका, आणि पहिल्यांदा निम्मं तांदळाचं, निम्मं ज्वारीचं घ्या. दळण ताजं हवं. यात पीठ तुमचं आणि हात तिचा. बिघडलं तर दोघींचं मिळून बिघडेल, तेही बरंच.

दुसरा पदार्थ सुचवते, रात्रीच्या जेवणासाठी. थीयल. ओलं खोबरं धणे आणि लाल मिरचीबरोबर गडद तपकिरी होईपर्यंत भाजायचं, करपायच्या एक क्षण आधी उतरवायचं, गंधासारखं वाटायचं आणि चिंचेच्या कोळात लहान कांदे शिजवून त्यात सोडायचं. काळपट, आंबट-तिखट, दाट. आपल्या काळ्या रश्श्याची माणसं पहिल्या घासाला ओळखतील. चिंच तर तुमच्याच जिल्ह्यातली, पानचिंचोलीची. तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. तिकडं ते भाताबरोबर खातात. तुम्ही भाकरी चुरून खाऊन बघा आणि मीठ कमी वाटलं तर तोंडावर सांगा. खोटी वाहवा करू नका. ज्या घरात सगळंच "छान झालं" असतं, तिथं पाहुणेपणा संपत नाही.

"तिनं आमचं शिकायला नको का?" शिकायला हवंच की. ज्या घरात राहायचं तिथलं अन्न येऊ नये, असं मी कशी म्हणेन? पण कधी आणि कसं, हे तुमच्या हातात आहे. घरून काम करते म्हणजे ती मोकळी नसते. संध्याकाळी सात वाजता, सगळे जेवायला खोळंबलेले असताना काठवटीपुढं बसवलं तर भाकरी थापता थापता फुटणारच, आणि पाच जणांसमोर फुटलेली भाकरी माणूस पुन्हा थापायला जात नाही. सुटीच्या दुपारी बसवा. पीठ त्याच आठवड्यातलं घ्या. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, कडा चिरतात आणि शिकणाऱ्याला वाटतं आपला हातच वाईट. पहिल्यांदा उकळत्या पाण्यानं भिजवायला शिकवा, लहान गोळा घ्या, तळहाताएवढी भाकरी झाली तरी झाली म्हणा.

आणि भाकरीच्याही आधी कण्या आहेत. भातावर वाढलेल्या माणसाला ज्वारीकडं आणायची ती जुनी वाट आपण विसरलोय. ज्वारीचा भरडा धुऊन, भिजवून, मीठ घालून मऊ शिजवायचा आणि वर ताक, लसणाची फोडणी. तिकडं रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी तो ताकाबरोबर, हिरवी मिरची आणि लहान कांदा चावत खातात. तिला कण्यांचं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. "दोन्ही वेळेला भात" हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय म्हणून सांगते, त्रिशूरच्या माणसाला भात म्हणजे आपली भाकरी. तुम्हाला कुणी महिनाभर भाकरीशिवाय ठेवलं तर पोट भरेल, पण जेवल्यासारखं वाटेल का?

एक सावधगिरी. या सगळ्याची सुरुवात सणाला करू नका. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या असतात, ओणमच्या पंगतीलाही केळीच्या पानावर डझन-दीड डझन पदार्थ असतात, दोन्ही सण थोड्याफार अंतरानं येतात, म्हणून कुणीतरी सुचवील की यंदा एक भाजी तिच्या हातची होऊ द्या. पुढच्या वर्षी होऊ द्या. सणाच्या दिवशी सोवळं, वेळ, जावा-नणंदा, सगळ्यांचे डोळे ताटावर असतात. त्या दिवशी स्वयंपाकाची परीक्षा होते. साधा मंगळवार बरा, ज्या दिवशी बिघडलं तर पिठलं टाकता येतं.

आता तुमचे चिरंजीव. तुम्ही दोघी बघून घ्या, म्हणे! घरात दोन्हीकडचं खाऊन पचवलेला माणूस तो एकटाच, आणि तोच हात झटकून मोकळा. माशांची गोष्टही पुन्हा नीट बघा. मागवले दोघांनी, खाल्ले दोघांनी, आणि तुमची झोप उडाली ती सुनेच्या नावानं. माळकऱ्याच्या घरात मासे चालत नाहीत हे तिला पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं; ते सांगायचं काम त्याचं होतं. त्याला बसवून घ्या. तिचा तांदूळ, तिचं तेल, कढीपत्ता, नारळ आणायचं काम त्याचं. खोबरं खोवून द्यायचं कामही त्याचंच. आठवड्यातून एक रात्र त्यानं शेगडीपुढं उभं राहायचं, मग तो पोहे करो की अवियल. दोन बायकांत एक ओटा वाटायचा म्हटलं की भांडण ठरलेलं. तिसरा माणूस कामाला लागला की वाटणीचा विषयच बदलतो.

अशी पत्रं मला उलट्या बाजूनंही येतात. परमुलखातून मराठवाड्यात आलेल्या सुना लिहितात, तशा इथल्याच मुली लिहितात, मोबाइलवर बघून पास्ता किंवा थाई करी केली तर घरात कुणी तोंड लावत नाही म्हणून. त्यांना दोनच गोष्टी सांगते. नवं काही कराल ते जेवणाच्या जागी करू नका, जेवणाबरोबर वाटीभर करा. दमून आलेल्या, भुकेल्या माणसाला प्रयोग नको असतो. आणि "हे पौष्टिक असतं" असं म्हणत वाढू नका. त्याचा अर्थ समोरच्याला "तुमचं पौष्टिक नसतं" असा ऐकू येतो. घरच्यांना आवडलं नाही तर ते तुम्हाला नाकारत नसतात, बरेचदा त्या दिवशी त्यांना नुसतं वरण हवं असतं.

राहिली वेगळी शेगडी. माझं मत विचाराल तर करून द्या, पण रोजच्या जेवणासाठी नको. रोजचं जेवण खालीच, एकाच ओट्यावर, वर सांगितलं तसं. वरची शेगडी माशांसाठी आणि रात्री-अपरात्री मीटिंग असते तेव्हाच्या चहासाठी. यजमानांच्या गळ्यात माळ आहे तेव्हा त्यांना वगळून हे ठरवू नका. आधी त्यांच्याशी बोला. ते नियम त्यांचे आहेत आणि ते मोडायला कुणी सांगत नाही. कदाचित ते "या छपराखाली नको" म्हणतील. तेही चालेल, मग दोघांनी बाहेर जाऊन खावं. पण तो नकार तिला समोर बसवून, सरळ शब्दांत कळू दे. आतापर्यंत या घरात तिला सगळं गप्प राहण्यातूनच कळत आलंय. आणि ते "करा, पण वर" म्हणाले, तर अटी आजच ठरवून घ्या. भांडी वेगळी आणि ती वरच घासायची. एकादशी, श्रावण आणि वारीचे दिवस सोडून. फ्रिजमध्ये काही ठेवायचं नाही. समुद्राचे मासे लातूरला बर्फातूनच येतात, तेव्हा तिला गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याची सवय करावी लागेल. तिच्याकडं माशांच्या रश्श्याला कुडमपुळी नावाचं वाळवलेलं आंबट फळ लागतं. ते इथं मिळालं नाही तर आमसूल चालेल, दोन्ही एकाच जातकुळीची झाडं आहेत.

लोक काय म्हणतील याची फार चिंता करू नका. शेजारणीनं विचारलंच, तर वरची शेगडी चहाची आहे म्हणा. खोटंही होणार नाही. फक्त शेगडी आणायच्या आधी वरच्या खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत का ते बघा आणि जिन्याचं दार नीट लागतंय ना याची खात्री करा. नाहीतर माशाचा वास पायऱ्या उतरून थेट देवघरापाशी येईल, आणि पुढचं पत्र मला तुमच्या यजमानांचं येईल.